यकृताचा दाह तपासायचा, पण कोणत्या पेशींत?

कोविडच्या काळात सीआरपीचा रिपोर्ट कोल्हापुरातल्या कितीतरी घरांनी पाहिला. आकडा वाढला की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. दाह फुप्फुसात होता, पण रक्तात सापडणारे ते प्रथिन यकृताने बनवलेले होते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा आढळले. शरीरात कुठेही संसर्ग झाला, जखम झाली, की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे रासायनिक निरोप रक्तात सोडतात. ते यकृतात पोचले की काही तासांत तिथला कारभार बदलतो. अल्ब्युमिनचे उत्पादन घटते. सीआरपी, सिरम अमिलॉइड-ए, फायब्रिनोजेन, हॅप्टोग्लोबिन ही प्रथिने वाढतात. लोहाची वाहतूक रोखणारे हेप्सिडिनही वाढते, म्हणून दीर्घकाळ आजारी माणसाचे हिमोग्लोबिन उतरते.

यकृताच्या पेशींवर दाहाचा प्रयोग आखणाऱ्याने ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: निरोप पाठवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि तो वाचून काम करणाऱ्या पेशी वेगळ्या. कोणती पेशी वापरायची, सपाट प्लेट पुरेल की गोळे करायचे, उंदीर मारायचा की नाही, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

हा लेख प्रामुख्याने शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र शिकणाऱ्या, इथल्या फार्मसी महाविद्यालयांतल्या आणि डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांच्या गाइडसाठीही आहे. आपल्याकडचे विषय ठरलेले असतात. भुईआवळा, पुनर्नवा, काडेचिराईत, सांगलीची हळद. यांतल्या एखाद्याचा अर्क काढायचा आणि तो यकृताचा दाह कमी करतो का ते पाहायचे. विषय चांगलाच आहे. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनी या वनस्पतींवर काम करायचे नाही तर कुणी करायचे? शिवाय यकृताचे दुखणे इथे परके नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस-ई विषाणूची होती. दारूने आणि साखर-चरबीने सुजलेली यकृते तर प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात दिसतात.

अडचण सिनॉप्सिसमधल्या एका वाक्यात असते: ‘हेप-जी-टू पेशींना एलपीएस देऊन दाह निर्माण केला जाईल आणि अर्कामुळे टीएनएफ-अल्फा कमी होतो का ते मोजले जाईल.’ हे वाक्य लिहिण्याआधी थांबावे, एवढ्यासाठी पुढचे सगळे.

यकृताच्या एकूण पेशींपैकी साधारण साठ-सत्तर टक्के हेपॅटोसाइट, म्हणजे मुख्य यकृतपेशी असतात. आकारमानाने तर त्या सुमारे ऐंशी टक्के जागा व्यापतात. उरलेल्यांत रक्तवाहिन्यांचे अस्तर करणाऱ्या पेशी, चरबीचे थेंब आणि अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या तारकापेशी आणि कुप्फर पेशी येतात. यकृतात येणाऱ्या रक्तापैकी तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून प्रवेशिनी शिरेने येते, आणि त्याबरोबर आतड्यातल्या जिवाणूंच्या भित्तीचे तुकडे, म्हणजेच एलपीएस, येत राहतात. ते ओळखणारी कुप्फर पेशी ही यकृताच्या वेशीवरची जागल्या आहे. हाळी ती देते: टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६ सोडते. हेपॅटोसाइट ती हाळी ऐकून कामाला लागते. हेपॅटोसाइटला एलपीएस मुळीच कळत नाही असे नाही, तिच्यावरही टीएलआर-४ हा ग्राही असतो. पण तिचा थेट प्रतिसाद मॅक्रोफेजच्या मानाने मवाळ असतो. आणि हेप-जी-टूमध्ये तर तो इतका क्षीण आणि बेभरवशाचा असतो, की एका प्रयोगशाळेत मिळालेला निकाल दुसरीकडे मिळत नाही.

म्हणून स्वतःला विचारावे, मला हाळी थांबवायची आहे की हाळी ऐकल्यानंतरचे काम? अर्क मॅक्रोफेजला शांत करतो असे तुमचे गृहीतक असेल तर मॅक्रोफेज हवेत. निरोप मिळाल्यावर यकृतपेशी किती सीआरपी बनवते, औषधे पचवणारी सीवायपी-३ए-४ सारखी विकरे किती गमावते, किती मरते, हे पाहायचे असेल तर यकृतपेशी हव्यात, पण त्यांना एलपीएसऐवजी थेट सायटोकाइन द्यावे. दोघांमधला संवाद पाहायचा असेल तर दोघी एका ताटात हव्यात.

कायम वाढणाऱ्या पेशी

हेप-जी-टूचा जन्म फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतला. अर्जेंटिनातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या यकृतातल्या गाठीपासून या पेशी मिळाल्या आणि १९७९-८० मध्ये नोल्स, एडन व सहकाऱ्यांनी त्यांची ओळख जगाला करून दिली. बरीच वर्षे त्यांना प्रौढांच्या यकृतकर्करोगाच्या पेशी समजत. ती गाठ प्रत्यक्षात बालवयात होणारी हेपॅटोब्लास्टोमा होती, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले. त्यांचा स्वभावही त्याला साजेसा आहे. त्या अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, हॅप्टोग्लोबिन बनवतात, पण औषधे पचवणारी विकरे त्यांच्यात फार कमी असतात. पॅरासिटामॉलने होणारी इजा हेप-जी-टूमध्ये दाखवायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही, कारण पॅरासिटामॉलचे विष तयार करणारी यंत्रणाच तिथे दुबळी आहे.

त्याच संस्थेतून, त्याच संशोधकांकडून हेप-थ्री-बी पेशी आल्या. अमेरिकेतल्या आठ वर्षांच्या मुलाच्या गाठीतल्या या पेशींच्या जनुकसंचात हेपॅटायटिस-बीचे तुकडे आहेत, त्यामुळे हाताळताना दुसऱ्या पातळीची जैवसुरक्षा पाळावी. दाहाच्या अभ्यासासाठी मी हेप-जी-टूपेक्षा यांना वरचे स्थान देतो. इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा एकत्र दिले की हेप-थ्री-बी स्पष्ट, मोजता येईल इतके सीआरपी बनवतात; सीआरपीच्या जनुकाचे नियंत्रण कसे चालते याचे बरेचसे ज्ञान याच पेशींतून आले आहे. एक फरक मात्र जाणून असावे: हेप-थ्री-बीमध्ये पी-५३ हे जनुक नाही, हेप-जी-टूमध्ये ते शाबूत आहे. पेशींचा मृत्यू हा तुमच्या अभ्यासाचा भाग असेल तर दोहोंत निकाल वेगळे येतील आणि दोन्ही खरे असतील. जपानमध्ये १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या हु-सेव्हन पेशींत पी-५३ बदललेले आहे. त्यांचा मोठा उपयोग हेपॅटायटिस-सीच्या संशोधनात झाला.

हेपा-आरजी या फ्रान्समध्ये तयार झालेल्या पेशी २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या खऱ्या यकृतपेशीच्या बऱ्याच जवळ जातात. सीवायपी विकरे चांगली, दाहाला प्रतिसाद चांगला. पण त्या महाग आहेत आणि वेळ खातात: दोन आठवडे वाढवायच्या, मग आणखी दोन आठवडे सुमारे दोन टक्के डीएमएसओमध्ये ठेवून परिपक्व करायच्या. डीएमएसओ स्वतःच दाह दाबतो. म्हणून सायटोकाइन देण्याआधी त्याचे प्रमाण कमी करावे आणि तशाच कमी प्रमाणातल्या पेशी कंट्रोल म्हणून ठेवाव्यात. औषधांच्या पचनावर दाहाचा परिणाम हाच प्रश्न असेल तरच हा खर्च पटतो. नुसते सीआरपी मोजायला हेपा-आरजी घेणे मला योग्य वाटत नाही.

इथे एक इशारा मोठ्या अक्षरांत लिहावासा वाटतो. भारतात अनेक प्रबंधांत ‘सामान्य, निरोगी यकृतपेशी’ म्हणून चँग लिव्हर वापरलेल्या दिसतात. १९५४ साली वेगळ्या केलेल्या या पेशींत पुढे हेला पेशी मिसळून त्यांनीच ताबा घेतल्याचे सिद्ध झाले आहे. हेला म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी. डब्ल्यूआरएल-६८ आणि एल-०२ यांचीही तीच गत. ‘अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो, निरोगी यकृतपेशींना धक्का लावत नाही’ असा निष्कर्ष चँग लिव्हरवर काढला असेल तर तुलना दोन कर्करोगांची झाली. परीक्षकाने व्हायव्हात एवढेच विचारले तरी तीन वर्षांचे काम डळमळते. ज्यांच्या फ्रीझरमध्ये या पेशी आहेत त्यांनी त्यांचे लेबल आजच बदलावे.

सोबतीला मॅक्रोफेज

कुप्फर पेशी माणसाच्या यकृतातून मिळवणे आपल्याकडे जवळजवळ अशक्य. त्यांच्या जागी टीएचपी-१ चालतात. १९८० साली जपानमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या एक वर्षाच्या मुलाकडून मिळालेल्या या पेशी मीडियात तरंगत वाढतात. पीएमए दिले की तळाला चिकटतात आणि मॅक्रोफेजसारख्या वागू लागतात. पीएमएचे प्रमाण शक्य तितके कमी ठेवावे आणि नंतर किमान एक पूर्ण दिवस स्वच्छ मीडियात विश्रांती द्यावी, कारण जास्त पीएमए स्वतःच दाहाचे जनुक चालू करते आणि मग एलपीएसचा परिणाम त्यात बुडून जातो.

पुष्कळ ठिकाणी टीएचपी-१ ऐवजी रॉ-२६४.७ वापरतात, कारण त्या सोप्या आहेत, झपाट्याने वाढतात आणि ग्रीस चाचणीत नायट्राइट भरपूर देतात. पण त्या उंदराच्या आहेत. उंदराचे इंटरल्यूकिन-६ माणसाच्या ग्राहीला चालत नाही. उलट माणसाचे उंदराला चालते. म्हणजे रॉ पेशींचा मीडिया हेप-जी-टूवर घातला तर सर्वांत महत्त्वाचा निरोप वाचलाच जात नाही आणि ‘परिणाम आढळला नाही’ असे लिहून मोकळे व्हावे लागते. माणसाच्या यकृतपेशींबरोबर माणसाचे मॅक्रोफेज, उंदराच्या यकृतपेशींबरोबर उंदराचे, हा नियम मोडू नये. ग्रीस चाचणीचेही तसेच. टीएचपी-१ आणि इतर मानवी पेशी प्लेटमध्ये नायट्रिक ऑक्साइड फारच थोडे बनवतात. तिथे ही चाचणी लावून वेळ घालवू नये.

दोन पेशींना बोलते करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कंडिशन्ड मीडिया: टीएचपी-१ ला एलपीएस द्यायचे, त्यांनी सोडलेल्या सायटोकाइनसह मीडिया उचलायचा, गाळायचा आणि यकृतपेशींवर घालायचा. कोल्हापुरातल्या साध्या प्रयोगशाळेत, एका इन्क्युबेटरवर, हे होऊ शकते. मात्र उचललेल्या मीडियात उरलेले एलपीएसही असते. म्हणून चार तासांनी एलपीएस धुऊन नवा मीडिया घालावा आणि पुढच्या वीस तासांतला मीडिया उचलावा. शिवाय पेशींशिवाय ठेवलेला, तेवढेच एलपीएस घातलेला मीडिया कंट्रोल म्हणून चालवावा. एलपीएसला बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन-बी घालून आणखी एक खात्री करता येते.

दुतर्फा संवाद पाहायचा असेल तर ०.४ मायक्रॉन छिद्रांचा पडदा असलेले इन्सर्ट घ्यावे: खाली यकृतपेशी, वर मॅक्रोफेज. रेणू आरपार जातात, पेशी जात नाहीत. दोन्ही पेशींचा मीडिया निराळा असतो, म्हणून आधी काही दिवस दोघींना एकाच मीडियाची सवय लावावी आणि त्यात दोघी धड वाढतात का ते पाहावे. सिरम पूर्ण काढू नये. एलपीएस ओळखायला मदत करणारी प्रथिने सिरममधून येतात, आणि सिरमशिवाय टीएचपी-१ चा प्रतिसाद बराच उतरतो.

खऱ्या यकृतपेशी

१९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी कोलॅजिनेजने उंदराच्या यकृतातल्या पेशी सुट्या करण्याची पद्धत दिली, आणि सत्तरच्या दशकात सेग्लेन यांनी तिला आजचे दोन टप्प्यांचे रूप दिले. पहिल्यांदा कॅल्शियम नसलेले द्रावण प्रवेशिनी शिरेतून सोडून रक्त धुवायचे आणि पेशींची एकमेकींवरची पकड सैल करायची, मग कॅल्शियमसह कोलॅजिनेज सोडायचे, सगळे ३७ अंशांवर. यकृत मऊ पडले की हळुवार सुटे करायचे आणि अगदी कमी वेगाने, ५० जी वर, फिरवायचे. जड हेपॅटोसाइट तळाला बसतात. ट्रायपॅन ब्लूने मोजल्यावर ऐंशी टक्क्यांपेक्षा कमी जिवंत निघाल्या तर त्या दिवशीचा प्रयोग पुढे नेऊ नये. मन घट्ट करावे लागते, पण अर्धमेल्या पेशी स्वतःच दाहाचे संकेत सोडतात आणि पुढचे प्रत्येक मोजमाप बिघडवतात.

या पद्धतीत वाया जाणारी एक गोष्ट मला खटकते. ५० जी वर फिरवल्यानंतर वर उरलेल्या पाण्यात कुप्फर आणि इतर पेशी असतात आणि बहुतेक जण ते ओतून देतात. ते जास्त वेगाने फिरवून, घनतेच्या थरांवर वेगळे करून, त्याच प्राण्याचे मॅक्रोफेज मिळतात. एका उंदराच्या यकृतातून दोन्ही बाजू मिळत असतील तर टाकून का द्यायच्या? उलट, शुद्ध हेपॅटोसाइटवर काम करायचे असेल तर त्यांत किती मॅक्रोफेज राहिले आहेत ते मोजून लिहावे. पाच टक्के कुप्फर पेशी मिसळल्या असतील तर ‘हेपॅटोसाइटने एलपीएसला दिलेला प्रतिसाद’ त्यांचाच असू शकतो.

खऱ्या पेशींचे दुःख असे की सपाट प्लेटवर त्या दोन-तीन दिवसांत आपला स्वभाव हरवू लागतात; सीवायपी विकरे उतरतात, आकार पसरट होतो. शिवाय यकृतातून सुटे होणे हाच त्यांच्यावर मोठा आघात असतो आणि पहिल्या रात्री दाहाची जनुके आपोआप चालू असतात. म्हणून सायटोकाइन दुसऱ्या दिवशी द्यावे. कोलॅजनच्या दोन थरांमध्ये पेशी ठेवण्याची सँडविच पद्धत त्यांचे आयुष्य एक-दोन आठवड्यांनी वाढवते आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. उंदराच्या शेपटीतून कोलॅजन प्रयोगशाळेतच काढता येते.

मीडियातल्या डेक्सामेथासोनकडे खास लक्ष द्यावे. हेपॅटोसाइट टिकाव्यात म्हणून ते घालतात, पण ते स्टेरॉइड आहे. मॅक्रोफेजचे निरोप ते दाबते आणि यकृतपेशीची काही तीव्र-दाह प्रथिने मात्र वाढवते. दोन अभ्यासांचे निकाल जुळत नसतील तर पहिल्यांदा त्यांच्या मीडियातले डेक्सामेथासोन तपासावे. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

प्राणी बदलला की काय मोजायचे तेही बदलते. माणसात सीआरपी हजारपट वाढू शकते. लहान उंदरात ते जवळजवळ हलत नाही, तिथे सिरम अमिलॉइड-पी आणि सिरम अमिलॉइड-ए पाहावे. मोठ्या प्रयोगशाळी उंदरात अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन चांगले बोलते. इंटरल्यूकिन-८ चे जनुक उंदरांच्या दोन्ही जातींत नाही. विस्टार उंदराच्या पेशींसाठी इंटरल्यूकिन-८ चा एलायझा किट मागवलेला असेल तर तो परत पाठवावा.

प्राणी वापरायचे तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आणि केंद्राच्या समितीकडे (पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए) नोंदणी लागते. अर्ज आधी, उंदीर नंतर. शस्त्रक्रियेत काढलेला माणसाच्या यकृताचा तुकडा वापरण्यासाठी मानवी नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती हवी. मार्च २०२३ मध्ये केंद्राने नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत दुरुस्ती करून पेशींवर आधारलेल्या आणि चिपवरच्या चाचण्यांना प्राण्यांवरील चाचण्यांचा पर्याय म्हणून जागा दिली. तेव्हा पेशीसंवर्धन नीट शिकलेल्या मुलामुलींना पुढे कामाची वाण पडू नये.

गोळे, काप आणि चिप

यांबद्दल थोडक्यात. पेशी चिकटणार नाहीत अशा गोल तळाच्या वेलमध्ये, म्हणजे साध्या अगारोजचा थर दिलेल्या वेलमध्येही, हेप-जी-टूचे गोळे तयार होतात. त्यांचा खरा फायदा वेळेत आहे. दाह दोन-तीन आठवडे चालू ठेवून पाहता येतो, जे सपाट प्लेटवर जमत नाही. पण गोळा अडीचशे मायक्रॉनच्या पुढे गेला की गाभ्याला प्राणवायू पुरत नाही, तिथल्या पेशी मरतात आणि मरता मरता दाहाचे संकेत सोडतात. प्रत्येक तुकडीतले गोळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून मोठे बाजूला काढावेत.

यकृताचे साधारण दोनशे मायक्रॉन जाडीचे काप हा मला आवडणारा प्रकार आहे, कारण त्यात कुप्फरपासून तारकापेशींपर्यंत सगळ्या आपापल्या जागी असतात. क्रुमडिक यांनी १९८० मध्ये त्यासाठी यंत्र दिले. असे यंत्र किंवा व्हायब्रेटोम हाताशी असेल तर जरूर करावे. पण कापण्याचा आघात मोठा असतो, म्हणून प्रत्येक वेळेसाठी न चाळवलेला काप सोबत हवा. चिप मात्र सध्या आपल्या बजेटच्या बाहेर आहे, आणि एमएस्सीच्या प्रकल्पाला तिची गरजही नाही.

अर्क घालण्याआधी

वनस्पतींवर काम करणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान इथे होते. पानांवर, मुळांवर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू असतात, त्यांचे एलपीएस अर्कात उतरते आणि ऑटोक्लेव्हने नष्ट होत नाही. म्हणजे दाह कमी करायला घातलेला अर्क स्वतःच मॅक्रोफेजला चाळवू शकतो. एलएएल चाचणीने अर्कातले अंतर्विष मोजावे. ती परवडत नसेल तर पॉलिमिक्सिन-बीसह आणि त्याशिवाय अर्काचा परिणाम ताडून पाहावा. काचेची भांडी अडीचशे अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवावीत.

एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगाचे जांभळ्यात रूपांतर करतात. पण अँटिऑक्सिडंटने भरलेला अर्क पेशींशिवायही तेच करतो. पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून रंग येतो का पाहा. आलाच तर जिवंतपणा मोजायला दुसरी पद्धत घ्या. हळदीवर काम करणाऱ्यांना दोन जास्तीच्या अडचणी आहेत. कुरकुमीन पिवळे असते आणि प्रकाशतेही, त्यामुळे रंग व प्रकाश मोजणाऱ्या अनेक चाचण्या त्याने बिघडतात. आणि सिरम नसलेल्या, सामू ७.२ च्या द्रावणात ३७ अंशांवर ते अर्ध्या तासात सुमारे नव्वद टक्के विघटित होते. चोवीस तासांनी दिसलेला परिणाम कुरकुमीनचा की त्याच्या तुकड्यांचा, हा प्रश्न उरतोच. सिरममध्ये ते जास्त टिकते.

मायकोप्लाझ्मा डोळ्यांना दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, पण सायटोकाइनचे आकडे पार उलटेपालटे करतो. दाहावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत पीसीआरने दर महिन्याला त्याची तपासणी व्हायलाच हवी.

वेळेची आखणी करताना एवढे धरून चालावे: इंटरल्यूकिन-६ दिल्यावर स्टॅट-३ वर फॉस्फेट चढलेले पंधरा ते तीस मिनिटांत दिसते, सीआरपी आणि अमिलॉइड-एचा आरएनए सहा तासांपासून पुढे, मीडियातले प्रथिन चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी. सायटोकाइनचे प्रमाण दहा-वीस नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरू करून आधी आपल्या पेशींवर मात्रेचा आलेख काढावा. एलायझा महाग पडतो, म्हणून आधी आरएनए मोजून योग्य वेळ शोधावी आणि किट त्याच वेळेवर खर्च करावा. आणि एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर केलेले तीन प्रयोग म्हणजे तीन.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा: हेप-थ्री-बी आणि हेप-जी-टू दोन्हींवर आधी शुद्ध सायटोकाइन द्या, मग टीएचपी-१ चा कंडिशन्ड मीडिया, त्यात अर्काचा परिणाम ठाम दिसला तरच इन्सर्टमधला दुतर्फा प्रयोग, आणि प्राणीगृह असेल तर शेवटी एक-दोन निवडक निष्कर्ष उंदराच्या ताज्या पेशींत पडताळा. अर्क मॅक्रोफेजला आधी द्यायचा की यकृतपेशींना, हे दोन वेगळे प्रयोग आहेत, दोन्ही करा. परिणाम फक्त पहिल्यात आला तर अर्क हाळी थांबवतो, दुसऱ्यातही आला तर यकृतपेशीलाही हात लावतो. प्रबंधात एवढे एक वाक्य पुराव्यासह लिहिता आले तरी काम वजनदार होते.

पुण्याहून पेशी आणताना

आपल्याला पेशी मिळतात त्या बहुधा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून. १९८६ मध्ये राष्ट्रीय पेशीसंवर्धन सुविधा म्हणून सुरू झालेली ही संस्था आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. पेशी घेताना प्रमाणीकरणाचा अहवाल मागून घ्यावा आणि प्रबंधाला जोडावा. मित्राच्या प्रयोगशाळेतून ‘थोड्या पेशी’ आणण्याची सवय सोडावी. चुकीच्या पेशी अशाच पसरतात.

वाढत्या पेशींचा फ्लास्क आणायचा तर मीडियाने गळ्यापर्यंत भरावा, झाकण घट्ट करून पॅराफिल्म लावावी, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या रस्त्यावर पेशी हिंदकळून सुटणार नाहीत. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नये. आल्यावर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये राहू द्यावा, मग जादा मीडिया काढावा. आल्या आल्या ट्रिप्सिन लावू नये. पहिल्या दोन पॅसेजमध्येच भरपूर व्हायल गोठवाव्यात. हेप-जी-टू गठ्ठ्यांनी वाढतात, त्यांना दाटीवाटीने भरू द्यायचे नाही. गठ्ठे नीट सुटले नाहीत तर प्रत्येक वेलमध्ये पेशींची संख्या वेगळी पडते आणि सगळी तुलना फसते.

कोल्हापुरात पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे आखावे लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. द्रव नायट्रोजन, ड्राय आइस, त्यात येणारे किट, सगळे त्याच रस्त्याने येते. जुलै-ऑगस्टमध्ये लांबलचक परिपक्वतेचे प्रयोग सुरू करू नयेत. मेअखेर प्रत्येक पेशीच्या व्हायल दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक साठा दुसऱ्या संस्थेच्या टाकीत. त्यासाठी दोन विभागप्रमुखांनी आधीच बोलून ठेवावे. वीज गेली तर इन्क्युबेटरचे दार उघडू नये, बंद दारामागे उष्णता बराच वेळ टिकते. नायट्रोजनच्या टाकीची पातळी दर आठवड्याला मोजून वहीत लिहिण्याचे काम एका ठरावीक विद्यार्थ्याच्या नावावर असावे, आणि तो गावी गेला तर कुणी मोजायचे तेही त्याच वहीत पहिल्या पानावर लिहिलेले असावे.